वाढत्या मुलाचं इंटरनेटवरचं नाव कसं जपायचं: बडोद्यातल्या पालकांसाठी

अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरताना मागच्या पाच वर्षांत सोशल मीडियावर कोणकोणत्या नावांनी अकाउंट चालवली, ते लिहून द्यावं लागतं. २०१९पासून ही अट आहे. जून २०२५मध्ये त्यात भर पडली: शिकायला जाणाऱ्यांनी आपली प्रोफाइल सर्वांना दिसतील अशी खुली ठेवावी. म्हणजे एकविसाव्या वर्षी एम.एस.ला निघालेल्या मुलाने सोळाव्या वर्षी काय लिहिलं होतं, तिथपर्यंत व्हिसा अधिकारी पोचू शकतो. बडोद्यात तुम्ही रावपुऱ्यातल्या जुन्या घरात राहा की मांजलपूरच्या सोसायटीत, नात्यातलं कुणी ना कुणी परदेशी जायच्या तयारीत असतंच, म्हणून इथून सुरुवात केली. पण मुलाचं नाव शोधणारे एवढेच नसतात. होस्टेलमधला होणारा रूममेट शोधतो, इंटर्नशिप देणारी कंपनी शोधते, आणि पुढे सोयरीक जुळवणारी मंडळी तर हटकून शोधतात.

ज्यांच्या घरात तेरा ते अठरा वयाचं मूल आहे आणि ज्यांनी या बाबतीत अजून काहीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दोन-तीन रविवार पुरतात. क्रम मात्र पाळा. थेट फोनच्या सेटिंगला हात घातलात, तर मूल दुसरं अकाउंट उघडेल आणि ते तुम्हाला कधीच दिसणार नाही.

१. आधी घरात एक गोष्ट ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

मुलाला हे शब्द ऐकवा: "इंटरनेटवर काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आधी आम्हाला सांग. सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही." आणि हे पाळायची तयारी असेल तरच म्हणा. फोटोवरून धमकावणारे लोक मुलांना काय म्हणतात ते ऐका: "तुझ्या घरच्यांना पाठवतो." ही धमकी लागू पडते, कारण मुलाला घरच्यांची भीती असते. ती भीती काढली की धमकावणाऱ्याच्या हातातलं मुख्य हत्यार जातं. पहिल्या तासात घरी सांगणारं मूल आणि महिनाभर एकटं सोसून, पैसे देऊन, आणखी फोटो पाठवून मग सांगणारं मूल, यांच्या हालांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही यात घ्या. आईबाबांनी कितीही वचन दिलं आणि आजोबा म्हणाले, "बघ, म्हणूनच फोन देऊ नका म्हणत होतो," तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. शिवाय घराबाहेरचं एक मोठं माणूस मुलाने स्वतः निवडून ठेवावं. मावशी, धाकटा काका, कॉलेजात शिकणारी मामेबहीण, कुणीही. काही गोष्टी आईला सांगवत नाहीत, पण ताईला सांगता येतात.

विषय काढायला भाषण नको. जेवणं झाल्यावर सहज विचारा, "तुझं नाव गूगलवर टाकलं तर काय येतं, बघितलंयस कधी?" या वयाच्या मुलांना हे बघायचं कुतूहल असतंच. तिथून पुढची पायरी आपोआप सुरू होते.

२. मुलाबरोबर बसून त्याचं नाव शोधा

ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या आधीच्या शोधांचा परिणाम निकालांवर पडणार नाही. शोधायचं मुलाने, तुम्ही शेजारी बसायचं.

आपल्याकडे नाव एकाच तऱ्हेने टाकून भागत नाही. शाळेच्या, स्पर्धांच्या, निकालांच्या याद्यांमध्ये आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो, म्हणून त्या क्रमानेही शोधा. नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जात असेल तर ते सगळे प्रकार टाका. गावाचं नाव एकदा बडोदा आणि एकदा वडोदरा असं जोडा. मग नाव देवनागरीत टाका, आणि गुजरातीत टाकायला विसरू नका, कारण शाळेचं पान आणि स्थानिक वर्तमानपत्रं बहुधा गुजरातीत असतात. आईबाबा मराठीत आणि इंग्रजीत शोधून "काही नाही सापडलं" म्हणतात आणि गुजराती लिपीत चित्रकला स्पर्धेतला फोटो, वय आणि सोसायटीचं नाव सगळं सापडतं. कदम, शिंदे, जाधव, गायकवाड अशी आडनावं असतील तर शाळेचं नाव जोडल्याशिवाय आपलं मूल गर्दीत सापडणार नाही.

त्यानंतर चित्रांचा विभाग, यूट्यूब, मुलाचा आणि तुमचा मोबाइल नंबर, आणि मुलाची युजरनेम. ही शेवटची बाब फार कामाची. सहावीत गेम खेळण्यासाठी घेतलेलं नाव मुलं पुढे चार ठिकाणी तेच वापरतात, आणि एका ठिकाणी खरं नाव दिलेलं असलं की बाकीची सगळी त्याला जोडता येतात.

जे सापडेल ते वहीत लिहा: लिंक, कुणी टाकलंय, ठेवायचं की काढायचं. निर्णय मुलाचा. फक्त फोन नंबर, घरचा पत्ता, पूर्ण जन्मतारीख आणि दुसऱ्या कुणाची बदनामी होईल असा मजकूर, एवढ्या गोष्टी काढायच्याच, त्यावर चर्चा नाही.

३. मग स्वतःची पानं उघडा

बहुतेक मुलांचे इंटरनेटवरचे पहिले फोटो त्यांच्या आईबाबांनीच टाकलेले असतात. बारशाचे, आंघोळीचे, शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशावर शाळेचं नाव दिसणारे, दहावीच्या निकालपत्राचे, हॉल तिकिटाचे. निकालपत्रावर जन्मतारीख किंवा बैठक क्रमांक असतो, आणि तेवढ्यावर कुणीही बरंच काही करू शकतं. मुलाला विचारा, "यातलं काय काढू?" ते जे म्हणेल ते लगेच, त्याच्यासमोर काढा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर ते तुमचं ऐकेल की नाही, ते इथेच ठरतं.

आत्या, मामी आणि सोसायटीच्या ग्रुपवरच्या काकूंनाही नम्रपणे सांगावं लागतं. "तो आता मोठा झालाय, फोटो टाकायच्या आधी त्याला विचाराल का?" एवढं पुरतं, कुणी रागावत नाही.

क्लासवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. टक्के चांगले पडले की मुलाचा फोटो बॅनरवर आणि फेसबुकवर झळकतो. प्रवेशाच्या फॉर्मवर सही करताना फोटो वापरायच्या परवानगीची ओळ आहे का ते वाचा आणि नको असेल तर खोडा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतली व्यक्ती मूल मानली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, पण त्याचा उल्लेख केलेलं एक साधं पत्रसुद्धा क्लासचालक गंभीरपणे घेतात.

४. जुनं आवरणं

इन्स्टाग्रामवर "तुमची ॲक्टिव्हिटी" या भागात आपण केलेल्या कमेंट, लाइक, पोस्ट एकत्र दिसतात आणि एकगठ्ठा काढता येतात. लोक पोस्ट बघतात आणि कमेंट विसरतात. भांडणं, शिव्या, कुणाच्या दिसण्यावरचे शेरे हे सगळं कमेंटमध्येच असतं. फेसबुकवर जुन्या पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या मर्यादित करता येतात. यूट्यूबवरचे लहानपणचे व्हिडिओ पुसायचे नसतील तर प्रायव्हेट करा. बंद पडलेली अकाउंट नुसती सोडून देऊ नका, डिलीट करा. इन्स्टाग्रामवर विनंतीनंतर तीस दिवसांची मुदत असते, त्या काळात लॉगिन केलं तर विनंती रद्द होते.

डिलीट करण्याआधी त्या अकाउंटचं नाव आणि ते कधीपर्यंत वापरलं, हे वहीत लिहून ठेवा. व्हिसाच्या अर्जात खोटं किंवा अपुरं लिहिणं जुन्या फालतू पोस्टपेक्षा कितीतरी महागात पडतं.

दुसऱ्याने टाकलेला फोटो असेल तर आधी त्यालाच सांगा. ऐकलं नाही तर प्लॅटफॉर्मकडे तक्रार. अठराच्या आतल्या मुलाचा फोटो गूगलच्या शोधनिकालांतून काढण्याची विनंती मूल किंवा पालक करू शकतात. ही सोय २०२१पासून आहे. मूळ वेबसाइटवरून तो फोटो त्यामुळे जात नाही, तिथे वेगळं लिहावं लागतं.

५. सेटिंग

यात फार वेळ घालवू नका. इन्स्टाग्रामने २०२५च्या सुरुवातीला भारतात किशोरांसाठीची वेगळी अकाउंट आणली. त्यात अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप खासगी असतं, आणि सोळाच्या आतल्यांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. हे सगळं जन्मतारीख खरी दिली असेल तरच चालतं, म्हणून तीच आधी तपासा. टॅग केलेले फोटो आपण मंजूर केल्याशिवाय प्रोफाइलवर येणार नाहीत असं ठेवा. व्हॉट्सॲपवर अनोळखी माणूस ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही असं करा. स्नॅपचॅटच्या नकाशावर घोस्ट मोड लावा, म्हणजे मूल कुठे आहे ते इतरांना दिसणार नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) सगळीकडे.

मुलाच्या खासगी गप्पा वाचू नयेत, असं माझं ठाम मत आहे. अकाउंट परत मिळवण्यासाठीचा नंबर सोळा वर्षांपर्यंत पालकांचा असावा, एवढं पुरेसं आहे.

खासगी अकाउंटवर फार विसंबू नका, हे मुलालाही सांगा. २०१७मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने निदान दहा विद्यार्थ्यांना दिलेले प्रवेश रद्द केले. त्यांनी आपसातल्या एका बंद फेसबुक ग्रुपमध्ये किळसवाणी मीम टाकली होती. ग्रुप बंदच होता, पण त्यातल्या गोष्टी बाहेर गेल्या. ग्रुपमधलं एक माणूस रुसलं की स्क्रीनशॉट बाहेर पडतो, आणि नववी-दहावीत रुसवेफुगवे काही कमी नसतात.

६. या शहराचं वर्षाचं वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवा

नवरात्र येण्याआधी आठवडाभर पुन्हा एकदा बसा. बडोद्याचा गरबा म्हणजे हजारो कॅमेरे. मैदानावर हौशी आणि धंदेवाईक दोन्ही चित्रण करतात, आणि मुलीने स्वतः काहीही न टाकता तिचं रील लाखांनी बघितलं जाऊ शकतं. ते थांबवणं आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी हातात आहेत. गरब्याच्या पासचा फोटो टाकायचा नाही, त्यावर नाव, फोटो आणि स्कॅन करायचा कोड असतो. मैदानावर असताना मैदानाचं नाव टाकायचं नाही, घरी आल्यावर खुशाल टाका. नकोसं रील कुठे दिसलं तर त्या पानाला लिंक आणि कितव्या सेकंदाला आपली मुलगी दिसते ते लिहून, ती अठराच्या आतली आहे असं सांगून काढायची विनंती करा. त्यांनी न ऐकल्यास प्लॅटफॉर्मकडे जा. आणि कमेंट कितीही घाणेरड्या असल्या तरी मुलीला "तू अशी चोळी का घातलीस" हे कृपा करून विचारू नका. कमेंट करणाऱ्याची लाज तिच्या माथी मारली, तर पहिल्या पायरीवर दिलेलं वचन तिथेच मोडतं.

उत्तरायणात, १४ आणि १५ जानेवारीला, गच्चीवरचे व्हिडिओ सुरू होतात. पतंग कापला की मागून येणाऱ्या शिव्या व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतात आणि कायमच्या राहतात. टाकायच्या आधी आवाज बंद करून त्यावर गाणं लावा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शेजारच्या गच्चीवरच्या मुलींवर झूम करून घेतलेले व्हिडिओ मुलं मजा म्हणून टाकतात. त्यात दोन नावं खराब होतात, आणि त्यातलं एक अशा मुलीचं असतं जिने काहीच केलेलं नसतं. मुलगा असेल तर हे त्याला उत्तरायणाच्या आधी, नाव घेऊन सांगा.

दीव-दमणच्या सहली. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे तिथल्या बाटल्यांबरोबर फोटो काढण्याचं आकर्षण जास्तच. मुलाच्या हातात सरबत असेल, पण फोटो ते सांगत नाही.

आणि ॲक्टिव्हा. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, ॲक्टिव्हा त्याच्या कितीतरी वर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. फतेहगंज पुलावरून दोन्ही हात सोडून चालवलेल्या गाडीचं रील म्हणजे नंबर प्लेटसकट आपणच दिलेला पुरावा आहे.

७. घात झालाच तर

कुणी मुलीचा फोटो विकृत करून फिरवला, तिच्या नावाचं खोटं अकाउंट उघडलं, मुलाला फोटोवरून पैसे मागितले. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते आधीच माहीत असावं.

मुलाला जवळ घ्या. प्रश्न नंतर. समोरच्याला उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. अकाउंट रागाच्या भरात डिलीट करू नका, त्यातच पुरावा आहे. युजरनेम, लिंक, तारीख, वेळ आणि धमकीचे संदेश यांचे स्क्रीनशॉट घ्या.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. अठराच्या आतल्या मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो असेल तर त्याची प्रत काढू नका आणि "बघा काय पाठवलंय" म्हणून मामाला, वकिलाला, शाळेच्या बाईंना पुढे पाठवू नका. असं साहित्य जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४च्या निकालात बाळगण्याबद्दल हे अधिक स्पष्ट केलं. लिंक आणि वर्णन लिहून ठेवणं पुरेसं असतं.

मग प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. नग्नता, विकृत केलेला फोटो किंवा तोतयेगिरी असेल तर २०२१च्या नियमांनुसार, फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीनंतर, कंपनीला तक्रारीवर दोन तासांत कारवाई करावी लागते. तक्रारीत हे शब्द स्पष्ट वापरा. निकाल पटला नाही तर सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन दाद मागता येते.

"टेक इट डाऊन" ही मोफत सेवा २०२३मध्ये सुरू झाली. अठराच्या आत असताना काढलेल्या नग्न फोटोचा एक सांकेतिक ठसा ती फोनवरच तयार करते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो ओळखून अडवतात. तो फोटो अजून कुठेही पसरला नसेल, नुसती धमकी असेल, तेव्हाही वापरता येते. आता वय अठराच्या वर असलं तरी फोटो आधीचा असेल तर चालते.

त्यानंतर सरकार. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, इथे मिनिटांना किंमत आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. मुलगी असेल तर गुजरातची अभयम् हेल्पलाइन १८१, तिथे समुपदेशनही होतं. शहरात सायबर गुन्ह्यांचं वेगळं पोलीस ठाणं आहे, पण जवळच्या कुठल्याही ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. "पेपरात नाव येईल" ही भीती घरोघरी असते. पीडित मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो आणि बाल न्याय कायद्याने बंदी आहे.

८. आपल्याच मुलाने केलं असेल तर

या शक्यतेवर पालक बोलत नाहीत, आणि ती मुळीच दुर्मीळ नाही. वर्गातल्या मुलीचं स्टिकर, बाईंचं मीम, एखाद्याच्या जातीवरून टाकलेला शेरा. आधी "माझा मुलगा असं करणार नाही" हे वाक्य गिळा. काय टाकलं, कुठे कुठे गेलं, ते त्याच्याकडून समजून घ्या, सगळीकडून काढून टाका आणि ज्या ग्रुपवर टाकलं तिथे "हे चुकीचं होतं, पुढे पाठवू नका" असं त्यालाच लिहायला लावा.

माफी त्या मुलीकडे किंवा त्या मुलाकडे, घरच्यांच्या साक्षीने, प्रत्यक्ष. स्टोरीवर टाकलेली माफी ही आणखी एक पोस्टच असते. दोन्हीकडच्या आईबाबांनी बोलावं. बडोद्यातल्या मराठी घरांत कुठून तरी ओळख निघतेच, तिचा उपयोग प्रकरण दाबायला नको, त्या मुलीला न्याय मिळायला व्हावा. प्रकरण खासगी फोटोचं असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि त्यांच्या सांगण्याशिवाय फोनवरचं काही पुसू नका. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तिथे त्याच्या सुधारण्याला वाव असतो.

९. शोधणाऱ्याला काहीतरी चांगलं सापडू द्या

नाव टाकल्यावर काहीच न दिसणं चालतं, पण मुलाचं स्वतःचं काम दिसलं तर उत्तम. चित्रं काढणारी मुलगी, जिला पुढे सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला जायचंय, ती वर्षभराची चित्रं तारखांसह एका ठिकाणी ठेवू शकते. तबला वाजवणाऱ्याने दोन चांगल्या ध्वनिफिती. विश्वामित्री नदीतल्या मगरींच्या नोंदी आणि फोटो पुलावरून घेऊन एखाद्या मुलाने नियमाने मांडले, तर ते काम त्याच्या वयापलीकडे बोलतं. खऱ्या नावाचा साधा ईमेल पत्ता आत्ताच घेऊन ठेवा. लिंक्डइन सोळाव्या वर्षापासून उघडता येतं, पण दहावीच्या मुलाला त्याची घाई नाही.

शोध पुन्हा कधी घ्यायचा? नवरात्र संपल्यावर एकदा, उत्तरायणानंतर एकदा, आणि बारावीनंतरचे प्रवेशअर्ज भरायच्या दोन-तीन महिने आधी एकदा. गुजराती लिपीतही.